चांदीच्या धाग्याची बंडी

फेब्रुवारीत, बुधवारच्या बाजारात, माझी थोरली बहीण देओलिंदा एका गिऱ्हाइकाला खारवलेला कॉड दाखवता दाखवता मटकन खाली बसली. हातातला मासा तिनं सोडला नाही. रुग्णवाहिकेत घालताना तो तिच्या मुठीतून काढायला दोन माणसं लागली, असं बाजारात अजून सांगतात. हृदयाचा ताल सुटला होता. तीन दिवस ती डोळे मिटून पडली होती आणि मी दाराबाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसले होते.

तिसऱ्या पहाटे मी संत बेंतूला शब्द दिला. हिला उठव, म्हटलं, ही आपल्या उंबऱ्यापासून तुझ्या डोंगरापर्यंत चालत येईल आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही.

स्वतःचं नाव मी घातलं नाही. घालायला हवं होतं. पण त्या घटकेला मनात आलं, माझ्या गप्प राहण्याचं संताला काय अप्रूप? मी घरात असले काय, नसले काय, मांजरालाही कळत नाही. देओलिंदाचा आवाज मात्र नदीपलीकडे जातो. चाळीस वर्षं ती मासळी विकते आहे. ती दिवसभर गप्प राहिली तर स्वर्गातसुद्धा कुणीतरी मान वर करून बघेल. द्यायचं तर काहीतरी भारी द्यावं, असं वाटलं. आपण दुसऱ्याच्या पायांनी चालायचा शब्द दिला आहे, हे ती बरी होऊन घरी आल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

मी तिला सांगितलं तेव्हा ती सूपासाठी कोबीची पानं चिरत होती. सुरी थांबली.

“चोवीस किलोमीटर?”

“हो.”

“मुकी?”

“हो.”

“फेलिस्मिना, तुला दुसरा काही नवसच सुचला नाही? हिच्या उंचीची मेणबत्ती लावते म्हणायचं.”

“तुझी उंची ती केवढीशी, देओलिंदा. संताला वाटलं असतं, ही बाई मला फसवते आहे.”

ती हसली, पण सुरी लगेच चालू झाली नाही.

मी फादर अब्रेउंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, नवस बदलून देण्याचा अधिकार मला आहे, आजारी बाईला कुठलाच संत डोंगर चढायला लावत नाही. हे देओलिंदाला सांगायला ते स्वतः आमच्या घरी आले. तिनं त्यांना कॉफी दिली, मक्याचा पाव दिला आणि म्हणाली, “फादर, तुम्ही मासा माझ्याकडूनच घेता. मी कधी वजनात मारलंय? संत आपलं काम करून मोकळा झाला. आता मी त्याला काय तोंड दाखवू, बहीण चुकून बोलली म्हणून?”

डॉक्टरांनी चालायला बंदी केली नव्हती. हळू चाला, बसत बसत चाला, म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. पुन्हा ताल सुटला तर तो तिला कळेलच असं नाही. बरं वाटत असतानाही सुटलेला असू शकतो, आणि तसं झालं तर तिला तासाभराच्या आत दवाखान्यात आणायला हवं. म्हणजे एकीकडे बहिणीचा जीव आणि दुसरीकडे तिनं उचललेला माझा शब्द. जुलैत संताचा उत्सव असतो, तोवर मी नीट झोपले नाही.

बंडीची गोष्ट काढली ती इल्दानं. इल्दा ही देओलिंदाची मुलगी. आवे नदीच्या काठी आमची कापड गिरणी आहे, तिथे मी खाली शिलाईच्या रांगेत एकतीस वर्षं आहे. इल्दा वर, काचेच्या खोलीत, जिथे कपड्यांना अक्कल घालतात. हा शब्द आमच्या रांगेतल्या बायकांचा. त्या खोलीतून आजवर काय काय खाली आलं! अंधारात चमकणारं जाकीट आलं, पावलं मोजणारे मोजे आले, आणि एकदा तर झोप कशी लागली ते सकाळी सांगणारा झोपेचा अंगरखा आला. माझ्या शेजारच्या मशीनवरची लुर्देस म्हणाली होती, “झोप कशी लागली ते मला माहीत नसतं होय? नवरा कुठं गेलाय ते सांगणारा सदरा काढा, दोन घेईन.” आम्ही हसत हसत शिवत होतो. मलाही ते सगळं श्रीमंतांचं खेळणं वाटायचं. कापडाचं काम झाकायचं. ते बोलायला लागलं तर झाकणार कोण?

ही बंडी मात्र वेगळी होती. पातळ, काळी, अंगाला चिकटणारी. छातीच्या दोन्ही बाजूंना आतून चांदीच्या धाग्याची दोन पानं विणलेली. ती पानं कातडीला टेकून हृदयाचे ठोके ऐकतात, आणि मधोमध अडकवलेली बटणाएवढी चकती ते ठोके कितीही लांबच्या फोनवर पाठवते. ती पानं बंडीला जोडायचं काम आमच्याच रांगेत यायचं. बारीक टाका लागतो, धागा ताणला की तुटतो, म्हणून ते माझ्याकडे देत.

“आई, ही घालून चाल,” इल्दा म्हणाली. “तू मुकी राहा हवी तितकी. तुझं हृदय बोलेल. एक फोन मावशीच्या गळ्यात, एक माझ्यासमोर.”

“म्हणजे मी जिवंत आहे का नाही ते मला माझी बंडी सांगणार?”

“तुला नाही गं. आम्हाला.”

“कुणी दिली ही?”

“गिरणीनं. तपासायला म्हणून दिली आहे.”

देओलिंदानं बंडी उजेडात धरली, नाकाशी नेली, आणि घडी करून ठेवून दिली. “घालीन,” म्हणाली. त्यावेळी तिनं आणखी काही विचारलं नाही याचं मला नवल वाटायला हवं होतं.

अकरा जुलैला, उजाडता उजाडता, ती उंबऱ्यावर आली. काळा झगा, वरून काळं पोलकं गळ्यापर्यंत बटणं लावलेलं, डोक्याला रुमाल. मुक्या यात्रेला निघालेल्या बाईच्या ओठांत लाल कार्नेशनचं फूल असतं, म्हणजे वाटेत भेटणाऱ्यांना कळतं. मी ते फूल तिच्या ओठांत दिलं. तिनं उंबरा ओलांडला आणि जन्मात पहिल्यांदा माझी बहीण गप्प झाली.

नदीवर धुकं होतं. पूल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसत नव्हतं. दोघी दुधातून चालल्यासारख्या चालत होतो. तिच्या पावलांचा आवाज पुढे, माझा मागे. माझ्या गळ्यातल्या फोनवर हिरवा आकडा होता: चौऱ्याण्णव. मग शहाण्णव. मग पुन्हा चौऱ्याण्णव. एवढ्याशा काचेत बहिणीचं हृदय! मला ते बघताना संकोच वाटला, कुणाची तरी पेटी उघडून बघावी तसा. आणि मग हळूहळू संकोच गेला. मी जपमाळ काढली आणि त्या ठोक्यांवर प्रार्थना म्हणायला लागले. इतकी सुरळीत प्रार्थना माझ्याकडून वर्षानुवर्षांत झाली नव्हती. मणी आपोआप सरकत होते. मक्याची शेतं, दगडी खांबांवर चढवलेल्या द्राक्षवेली, कुंपणावरचे निळ्या फुलांचे झुबके सगळे धुक्यातून एकेक करून बाहेर येत आणि पुन्हा आत जात. वाटलं, आपण दोघी अजून लहान आहोत आणि आई कुठेतरी पुढे, धुक्यात चालली आहे.

पहिल्या गावात ऊन आलं आणि त्याबरोबर माणसंही. मुकी बाई दिसली की तिला बोलतं करायची आमच्याकडे जुनी खोड आहे. त्यात ही देओलिंदा. कॉफीच्या दुकानासमोर बसलेले म्हातारे खुर्च्या सरकवून उभे राहिले.

“अरे बघा बघा, बाजार बंद झाला!”

“देओलिंदाबाई, सार्डीन ताजे आहेत का हो?”

“ताजे कुठले! हिचे सार्डीन माझ्या लग्नातले आहेत.”

देओलिंदाचे कान लाल झाले. फुलाचा देठ तिनं दातांत इतका दाबला की मला वाटलं तुटतोच.

“अहो, त्या पलीकडच्या फळीवरची अमेलिया सांगत होती, देओलिंदाचा तराजू थकलाय म्हणून.”

ती थबकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं त्या म्हाताऱ्याकडे असं बघितलं की तो आपणहून खाली बसला, आणि ती पुढे निघाली. तेव्हा मी काचेकडे बघितलं. शहाण्णव. इतका राग येऊनही शहाण्णव! मी मनात म्हटलं, संत बेंतू, तू हिच्या उरात काय गारवा घातला आहेस.

दर तासाला आम्ही बसत होतो. बसलो की आकडा उडायचा, इकडेतिकडे धावायचा, कधी नाहीसाच व्हायचा. इल्दानं सांगितलं होतं की बसताना कापड सुरकुततं, त्यामुळे तसं होतं, घाबरू नकोस. चालायला लागलं की पुन्हा शहाण्णव. दहाच्या सुमारास चेस्टनटच्या रानात शिरलो. तिथं हिरवा काळोख होता, आणि डोंगरावरच्या उत्सवाचे आवाजी बाण दूर कुठेतरी फुटत होते, उशीखालून ऐकू यावेत तसे. मी जवळजवळ चालता चालता झोपेत होते. पुढे एक काळी पाठ, हातात मणी, गळ्यात हिरवा काजवा. मला वाटलं, हे असंच चालू राहावं.

रान संपलं तिथे झरा आहे, आणि शेजारी कपडे धुवायचा जुना दगडी हौद. देओलिंदा झऱ्यापाशी उभी राहिली, ओठातलं फूल कानामागे खोवलं आणि ओंजळीनं पाणी पिऊ लागली. न बसता, न हलता, सावकाश.

माझ्या गळ्यातला फोन किंचाळल्यासारखा वाजला. आकडा लाल होता. शून्य.

मी तिच्याकडे बघितलं. ती पाणी पीत होती. मी पुन्हा काच बघितली. शून्य. लगेच इल्दाचा फोन आला.

“मावशी! आई कुठाय?”

“समोर उभी आहे. पाणी पिते आहे.”

“मावशी, शून्य आहे! पूर्ण एक मिनिट शून्य!”

“तसं तू येऊन तिला सांग बाई. तिनं आत्ताच तोंड धुतलं.”

“मी गाडी बोलावली आहे. अग्निशमनवाल्यांची रुग्णवाहिका निघाली आहे. तू तिला धरून ठेव.”

देओलिंदानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काय झालं? मी तिला फोन दाखवला. तिनं शून्य बघितलं, आपल्या नाडीला हात लावला, आणि पोट धरून बिनआवाजाची इतकी हसली की मलाही हसू फुटलं. पण हसता हसता मला काहीतरी टोचलं. एकतीस वर्षांच्या कामाचं काहीतरी. मी तिला हौदाच्या आडोशाला नेलं आणि पोलक्याची बटणं काढली.

चांदीची दोन्ही पानं बाहेरच्या बाजूला होती. माझे स्वतःचे टाके मला समोर दिसत होते, जे कधी कुणाला दिसू नयेत म्हणून मी इतकं जपून घातले होते. बंडी उलटी होती. चकती तिनं आतून अडकवली होती आणि सकाळपासून ती तिच्या हाडात रुतत होती. छातीवर लाल गोल वण उठला होता.

मला विचारायची गरज नव्हती. आमच्या आईनं आम्हाला शिकवलं होतं: परक्या हातून आलेलं नवं वस्त्र पहिल्यांदा उलटं घालायचं. मग कुणाची नजर त्याला चिकटत नाही. मी गिरणीत गेले, शिकले, विसरले. देओलिंदा विसरली नाही. आणि आज ती मला सांगूही शकत नव्हती. तिनं खांदे उडवले, जसं काही हे मला माहीत असायलाच हवं होतं.

मी इल्दाला सांगितलं. 

“मग सकाळपासून तो शहाण्णव कुठून आला?”

“तू सांग. कपड्यांना अक्कल तुम्ही घालता.”

“चकतीला हालचाल कळते, मावशी,” ती हळूच म्हणाली. “ठोका सापडला नाही की ती पावलांनाच ठोका समजते. तू... आपण आईची पावलं बघत होतो.”

म्हणजे मी अर्धा दिवस पावलांवर प्रार्थना म्हटली होती. मला रडू आलं नाही, रागही आला नाही.  म्हटलं, इल्दा, थांब. देओलिंदाच्या अंगातून बंडी काढली, सुलटी केली. चांदीची पानं झऱ्याच्या पाण्यात भिजवली, कारण कोरडी चांदी बहिरी असते, हे आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा घातली, चकती लावली. पाण्याच्या गारव्यानं तिनं अंग चोरलं.

काचेवर आकडा आला. एकशे एकतीस. मग एकोणनव्वद. मग एकशे बावन्न. मग एकशे सात. जाळ्यात सापडलेला पक्षी कुठेही धडक मारतो, तसा.

“इल्दा, दिसतंय का?”

“दिसतंय.” तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “तिला बसव. गाडी परत पाठवू नकोस.”

देओलिंदा मात्र बसायला तयार नव्हती. तिनं डोंगराकडे बोट केलं. माथ्यावरचं पांढरं चर्च तिथून दिसतं, साखरेच्या खड्याएवढं. नऊ किलोमीटर उरले होते. तिनं छातीवर थाप मारली, हात पसरले, आणि मला पटावं म्हणून हौदाभोवती नाचाचे दोन फेर घेतले. तिचे गाल गुलाबी होते. डोळे चमकत होते. जन्मापासून मी तो चेहरा वाचत आले आहे. त्याच्यावर राग, भूक, लबाडी, ताप सगळं मला दुरून कळतं. आणि तो चेहरा सांगत होता, चल. काच सांगत होती, एकशे अठ्ठावन्न.

कुणाचं ऐकायचं? सकाळभर ज्या यंत्रानं मला तोंडावर फसवलं, त्याचं? की सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्याचं? मी चांदीच्या पानांकडे बघत राहिले. ते टाके माझे होते. कुठे ताणले नव्हते, कुठे सोडले नव्हते. सकाळी ते खोटं बोलले नव्हते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि तिचा चेहराही खोटं बोलत नव्हता. त्याला बिचाऱ्याला आतलं माहीतच नव्हतं.

“देओलिंदा,” मी म्हटलं, “तू जाणार नाहीस.”

तिनं फूल कानामागून काढून पुन्हा ओठांत धरलं आणि वाटेला लागली. मी तिच्या पुढे जाऊन उभी राहिले. मी कधी कुणाच्या वाटेत उभी राहिलेली नाही. तिनं मला बाजूला ढकललं. मी पुन्हा उभी राहिले.

“शब्द माझ्या तोंडातून गेला,” मी म्हटलं. “तुझे पाय मी न विचारता दिले, ते पाप माझं. उरलेली वाट मी चालते. आणि मुकी. संताला काय वाटायचं ते त्यानं माझ्याशी बघून घ्यावं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते मला वाचता आलं नाही. खालच्या वळणावर गाडीचा भोंगा वाजला. दोन तरुण स्वयंसेवक उतरले. त्यातल्या एकीनं देओलिंदाच्या मनगटाला बोटं लावली, काचेवरचा आकडा बघितला, आणि स्ट्रेचर उघडलं. तेव्हा देओलिंदा बसली. बसल्यावर तिला कळलं असावं, कारण तिचा रंग एकदम उतरला. ती मुलगी तिच्या नाकाला नळी लावत होती, तेवढ्यात तिनं ओठांतलं फूल काढून माझ्या हातात दिलं आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

“तुझ्या त्या बुटांनी व्हायचं नाही. माझे घाल.”

मी तिचे बूट घातले. आमचा पाय एकाच मापाचा आहे. मग फूल ओठांत धरलं.

गाडीचा आवाज रानात विरून गेला आणि मी चढू लागले. ऊन डोक्यावर होतं. टेकडीच्या उतारावर गवत कापलेलं होतं, त्याचा गोड वास येत होता आणि हवा थरथरत होती, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. बूट पुढच्या बाजूला रुंद झालेले, टाच बाहेरून झिजलेली. त्यांना तिची चाल माहीत होती. दर पावलाला ते मला जरा बाहेरच्या बाजूला नेत. गळ्यात आकडा धडपडत होता. एकशे चाळीस, ब्याण्णव, एकशे एकोणतीस. आता त्याच्यावर प्रार्थना म्हणता येत नव्हती, आणि मी म्हटलीही नाही. मी नुसती त्याच्याबरोबर चालत होते, आजारी माणसाचा हात धरून बसावं तशी.

साधारण तासाभरानं, क्रूस असलेल्या वळणावर, आकडा गेला.

शून्य.

मी उभी राहिले. सकाळी एक शून्य बघितलं होतं आणि त्याच्यासमोर ती पाणी पीत होती. आता समोर कुणी नव्हतं. नुसता रस्ता होता. इल्दाचा फोन येईल म्हणून थांबले. आला नाही. मी तिला लावू शकले असते. एक शब्द पुरला असता: आहे? पण मग मुकी यात्रा तिथेच मोडली असती, दुसऱ्यांदा, आणि या वेळी पूर्णपणे माझ्या हातून.

मी फोन लावला नाही. लोक म्हणतील, केवढी श्रद्धा. श्रद्धा नव्हती ती. उत्तराची भीती होती. जोवर ऐकलं नाही तोवर ती आहे, एवढाच हिशोब. मी बोटं बटणापर्यंत नेली आणि पुन्हा मागे घेतली. देवाला तेवढं माहीत आहे, म्हणून इथेही लिहून ठेवते.

वरून उतरणाऱ्या दोन बायका भेटल्या. “कुणासाठी गं, बाई?” एकीनं विचारलं. मी मान हलवली. “नवऱ्यासाठी?” नाही. “मुलासाठी?” नाही. “अगं, बहिणीसाठी असेल, बूट बघ कसे दुसऱ्याच बाईच्या चालीचे घातलेत,” दुसरी म्हणाली, आणि दोघी चालत्या झाल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

डोंगरमाथ्यावर गर्दी होती, बँडवाले होते, तळलेल्या पिठाचा आणि मेणाचा वास होता. मला सगळं काचेपलीकडून दिसत होतं. चर्चभोवती तीन फेऱ्या घातल्या. संताच्या पायाशी कार्नेशन ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. तोही वाचायला जाईन आणि चुकेन, असं वाटलं. फक्त मनात म्हटलं, बूट तिचेच आहेत, एवढं धरून घे.

उत्सवाच्या बसनं शहरात उतरले. मुकी यात्रा आपल्या उंबऱ्यावर परत पाय ठेवीपर्यंत संपत नाही, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीपाशी मी पिशवीतली देओलिंदाच्या गोळ्यांची चिठ्ठी काचेला लावून धरली. खिडकीतल्या मुलीला वाटलं, मला ऐकू येत नाही. ती मोठमोठ्यानं, हातवारे करत, दुसरा मजला दाखवू लागली. मी मान डोलावली. 

दुसऱ्या मजल्यावर मधलं दार अर्धं उघडं होतं. आणि त्याच्याही पलीकडून, तीन खोल्या ओलांडून, आवाज आला.

“चांदीची होती ती, चांदीची! अन् तुम्ही कातर चालवलीत! माझ्या बहिणीनं हातानं शिवलेली. डोक्यावरून नव्हती का काढता येत? मी मासा असा कापला असता तर एक गिऱ्हाईक उभं राहिलं नसतं माझ्याकडे!”

मी भिंतीला टेकले. 

आत गेले तेव्हा तिच्या छातीवर वायरी होत्या, आणि पायथ्याशी कापलेली बंडी होती, चांदीचं एक पान या तुकड्यावर, एक त्या. इल्दा खुर्चीत बसून रडत होती आणि हसत होती. ती उठून माझ्या गळ्यात पडली. “मावशी, फोन करायचा राहिलाच गं! ताल औषधानं जागेवर आणलाय. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास तशी चढली असती तर...” 

“आलीस का?” देओलिंदा म्हणाली. “पोचलीस? वरपर्यंत? तीन फेऱ्या घातल्यास का दोनच घालून आलीस? बूट चावले का? ते डावीकडे ओढतात, सांगायचं राहिलं. अगं बोल की! इल्दा, ही बोलत का नाही? देवा, अजून घरी गेली नाही ही. बरं, नको बोलूस. ऐक. त्या पहिल्या गावातला टकल्या, अमेलियाचं नाव घेणारा, त्याला बुधवारी येऊ दे बाजारात. आणि त्या हौदापाशी तू माझ्या वाटेत उभी राहिलीस ना, तेव्हा मी तुला काय म्हणणार होते माहितीये? सांगते. सगळं सांगते. पहिल्यापासून सांगते.”

ती धुक्यातल्या पुलापासून सुरू झाली. मी खुर्ची ओढून तिच्या पलंगाला लावली आणि तिचे बूट पायातून काढून खाली ठेवले. घर अजून अकरा किलोमीटर लांब होतं, आणि मला तिथे पोचायची काहीच घाई नव्हती.